पिंपातल्या पैशावर तगलेला संघ

संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ‘लोकांनी वर्गणी काढून वाचवलं’ अशी गोष्ट कुणी रंगवून सांगायला लागलं की माझ्या डोक्यात आधी दोनच प्रश्न येतात: जमले किती, आणि पुरले किती दिवस? हिरोशिमाच्या ‘कार्प’ या बेसबॉल संघाची गोष्टही मी अशाच शंकेखोर नजरेनं वाचायला घेतली. जपानमध्ये ती बेसबॉल बघणाऱ्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. संघ बुडायला आला, मैदानाच्या दारात साकेचं लाकडी पिंप ठेवलं, लोकांनी त्यात पैसे टाकले, संघ वाचला. गोष्ट खरी आहे. पण खोलात गेलं की पिंपामागचं बरंच काही दिसायला लागतं, आणि त्यातलं सगळंच गोड नाही. संघाचं आणि शहराचं नाव झाकण्यात अर्थ नाही. पैसे टाकणारे मात्र इथेही बिननावाचेच आहेत, जसे ते पिंपापाशी होते.

पार्श्वभूमी

६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बनं हिरोशिमात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी, १९४९ च्या शेवटी, त्याच शहरातली काही मंडळी व्यावसायिक बेसबॉल संघ काढायच्या खटपटीला लागली होती. डोक्यावर धड छप्पर नाही आणि यांना खेळ सुचतोय, असं आपल्याला वाटेल. पण हा मुलूखच बेसबॉलवेडा. हिरोशिमाच्या व्यापारी शाळेनं १९२४, १९२९ आणि १९३० अशी तीनदा कोशिएनची उन्हाळी राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली होती. कोशिएन जिंकणं म्हणजे जपानात काय, हे तिथल्या माणसाला विचारावं; आपल्याकडे शालेय क्रिकेटच्या वाट्याला तेवढं प्रेम कधीच आलं नाही. त्या शाळेला घडवणारे प्रशिक्षक शुइची इशिमोतो पुढे ओसाका टायगर्सचे प्रशिक्षक झाले आणि तिथेही विजेतेपदं मिळवून आले. नव्या संघाची धुरा त्यांच्याकडेच आली.

१९५० पासून जपानी व्यावसायिक बेसबॉल दोन लीगमध्ये विभागलं गेलं आणि नव्या संघांसाठी दारं उघडली. सेंट्रल लीगमध्ये आठ संघ होते. कुणामागे वर्तमानपत्र, कुणामागे रेल्वे, कुणामागे चित्रपट कंपनी, कुणामागे मासेमारीची कंपनी. संघ तोट्यात गेला तरी मालक ते जाहिरातीच्या खर्चात धरायचा. कार्प एकटा बिनमालकाचा. प्रांताचं सरकार, हिरोशिमा शहर, आसपासच्या नगरपालिका आणि सामान्य लोक यांच्या भांडवलावर तो उभा राहायचा होता. साखर कारखान्याच्या भागभांडवलासाठी गावोगाव फिरलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रकार लगेच उमजेल.

नाव ठेवलं माशाचं. हिरोशिमाच्या किल्ल्याला जुन्या काळापासून ‘कार्प माशाचा किल्ला’ म्हणतात, आणि हा मासा धबधबा चढून जातो अशी लोकांची श्रद्धा. आधी नाव ‘कार्प्स’ ठरलं होतं. इंग्रजीत या माशाचं अनेकवचन तसं होत नाही, असं कुणीतरी लक्षात आणून दिलं आणि शेवटचा ‘स’ गळाला.

अडचण

पहिल्या हंगामात ४१ विजय, ९६ पराभव, १ बरोबरी. आठात आठवा. पहिला आलेला शोचिकु रॉबिन्स आणि कार्प यांच्यात ५९ सामन्यांचं अंतर होतं. बेसबॉल न कळणाऱ्यालाही या आकड्यावरून अंदाज यावा.

हरणं हे दुखणं होतंच, पण जीवघेणा आजार वेगळा होता. कबूल केलेलं भांडवल वेळेवर आलंच नाही. सरकारी पैसा म्हणजे आधी ठराव, मग मंजुरी, मग तिजोरी. तोवर खेळाडूंचे पगार, प्रवास, मुक्काम हे खर्च काही थांबत नव्हते. पगार थकायला लागले. लीगचं देणंही राहिलं होतं आणि इतर संघांच्या मालकांना हा फाटका पाहुणा नकोसा झाला होता. त्यातच १९५० नंतर एक संघ बाहेर पडून सेंट्रल लीग सात संघांची झाली. विषम आकडा वेळापत्रकाला अडचणीचा असतो. दर वेळी एक संघ रिकामा बसतो. आणखी एक संघ गळाला तर बरंच, हे कुणी उघड बोलत नसलं तरी सगळ्यांच्या मनात होतं.

ताळेबंद वाचणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कार्पकडे उत्पन्नाचा एकच खरा झरा होता, तिकीटविक्री. आणि मैदान लहान, शहर गरीब. दुसऱ्या वर्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आतच, मार्च १९५१ मध्ये, पैसे संपले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, दुकान बंद करणं. सरळ, स्वच्छ, आणि देणी कुणी फेडायची या वादाला जन्म देणारा.

दुसरा, विलीनीकरण. शेजारच्या प्रांतातल्या शिमोनोसेकी बंदरात तायो या मासेमारी कंपनीचा संघ होता. त्याच्यात कार्प मिसळून टाकला की खेळाडूंची पोटं भरली असती आणि लीगही खूश झाली असती. हिरोशिमाच्या लोकांनी मग रेल्वेत बसून दुसऱ्या गावचा संघ बघायला जायचं. मी त्या संचालक मंडळावर असतो तर, खरं सांगतो, याच पर्यायाला हात वर केला असता.

तिसरा, एखादा बडा मालक शोधणं. कागदावर सर्वांत शहाणपणाचा. पण १९५१ च्या हिरोशिमात कारखाने स्वतःच उठून उभे राहत होते.

चौथा पर्याय म्हणजे लोकांसमोर जाऊन, पैसे नाहीत, द्या, असं सांगणं. हा शेवटचा होता आणि सर्वांत अवघड, कारण असं सांगायला कुणाला तरी आधी मान खाली घालावी लागते.

मार्चच्या मध्यावर मंडळाचा कल विलीनीकरणाकडे जवळपास पक्का झाला होता. कार्प संपला अशी बातमी रेडिओवरूनही गेली. इथे प्रकरणाला कलाटणी मिळाली, आणि ती बैठकीच्या खोलीबाहेरून. बातमी ऐकून चाहते जमू लागले, खेळाडूंच्या मुक्कामापाशी गेले, संघ मोडू नका म्हणून सांगू लागले. ज्या संघानं ९६ सामने हरून दाखवले होते त्याच्यासाठी! मंडळानं आतापर्यंत फक्त खर्चाची बाजू मोजली होती. दुसरी बाजू मोजायला साधन नव्हतं, ते आयतंच दारात येऊन उभं राहिलं. इशिमोतोंनी ते ओळखलं आणि विलीनीकरणाचा विषय उलटवला.

काय केलं

इशिमोतोंनी तीन गोष्टी केल्या. त्यातली पिंपाची गोष्ट तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. माझ्या मते ती तिसऱ्या क्रमांकाची.

पहिली म्हणजे, संघाची हालत त्यांनी झाकून ठेवली नाही. ‘चुगोकु शिंबुन’ या स्थानिक दैनिकातून त्यांनी मदतीची योजना लोकांपुढे मांडली. बुडीत जाणाऱ्या संस्थेचा प्रमुख सहसा काय करतो हे मी नेहमी बघतो. वार्षिक सभा पुढे ढकलतो, अहवाल उशिरा छापतो, ‘तात्पुरती चणचण’ असा शब्द वापरतो. इथे प्रशिक्षकच म्हणाला की आम्ही बुडतोय.

दुसरी म्हणजे, पाठिराख्यांची रीतसर संघटना. एका गर्दीकडून एकदा मोठी रक्कम काढण्यापेक्षा कारखाने, कचेऱ्या, गावं, मोहल्ले अशा जागी शाखा काढायच्या आणि तिथल्या माणसानं तिथल्या माणसांकडून थोडं थोडं गोळा करायचं. गणपतीच्या वर्गणीला घरोघर फिरलेल्याला यातली मेख कळते. अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं, पण रोज शेजारच्या यंत्रावर उभ्या राहणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. जुलै १९५१ च्या अखेरीला एका सामन्याआधी मैदानावरच संघटनेची रीतसर स्थापना झाली, तेव्हा सुमारे १३ हजार सभासद झाले होते. या शाखा उभ्या करायला इशिमोतो स्वतः सभा घेत हिंडत होते आणि मैदानावरचा कारभार त्यांनी बराचसा कात्सुमि शिराइशींवर सोडला होता. शिराइशी मूळचे हिरोशिमाचेच. तोक्योच्या जायंट्समधलं नाव मागे ठेवून गावच्या संघात आलेले.

मुख्य प्रशिक्षक वर्गणी गोळा करत हिंडतोय आणि सामने सहायक बघतोय, ही कामाची वाटणी कुठल्याही पुस्तकात चूक ठरेल. मला ती बरोबर वाटते. त्या वर्षी संघाला चांगल्या डावपेचांची नव्हे, पुढच्या महिन्याच्या पगाराची गरज होती, आणि ते काम इशिमोतोंच्या शब्दावरच होणार होतं. हिरोशिमातल्या माणसाला ते शालेय विजेतेपदांपासून ठाऊक होते.

तिसरी गोष्ट पिंप. मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी साकेचं मोठं लाकडी पिंप. साके ही तांदळाची दारू, आणि याच प्रांतातलं साइजो गाव तिच्यासाठी नावाजलेलं, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. पत्र्याची पेटी का नको, पिंपच का, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मग लक्षात आलं की १९५१ मध्ये जपानात १० येनचं नाणं अजून चलनात आलेलं नव्हतं, १० येन म्हणजे नोट. गर्दीतला माणूस चुरगळलेल्या नोटा टाकणार. त्या पेटीच्या फटीत अडकणार. पिंपाचं तोंड मोठं, हात आत जातो, मूठ उघडते, पुढचा माणूस सरकतो. आणि पिंप दुरून दिसतं. तिकीट काढून आत जाताना त्याच्याजवळून जावंच लागतं. पैसे गोळा करायचं इतकं बिनशब्दाचं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे काय झालं

१९५१ मध्ये कार्प पुन्हा तळाला, ३२ विजय आणि ६४ पराभव. पण हंगाम पूर्ण झाला.

१९५२ साठी लीगनं नवा नियम केला: ज्या संघाची विजयाची टक्केवारी तीसच्या खाली जाईल त्याला काढून टाकायचं. नेम कुणावर होता हे सांगायला नको. कार्पनं ३७ सामने जिंकले, ८० हरले, टक्केवारी ३१.६. थोडक्यात सुटले. आणि तीसच्या खाली कोण गेलं? तोच शोचिकु रॉबिन्स, जो दोनच वर्षांपूर्वी ९८ सामने जिंकून पहिला आला होता. चित्रपट कंपनीचा, मालकवाला संघ. त्याचंच पुढे तायोमध्ये विलीनीकरण झालं. ज्या खड्ड्यात कार्पला लोटायचं घाटत होतं त्यात दुसराच पडला, असं म्हणायचा मोह होतो, पण ३१.६ आणि ३० यांतलं अंतर मोजलं तर जेमतेम दोन विजयांचं आहे. हे यश म्हणायचं की नशीब, यावर मी अजून ठाम नाही.

पाठिराख्यांची संघटना एवढ्यावर थांबली नाही. १९५३ मध्ये त्यांच्या पैशातून अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या खेळाडूंना आणलं गेलं. त्यात झेनिमुरा बंधू होते. हिरोशिमा प्रांतातून कॅलिफोर्नियाला गेलेली कुटुंबं पुष्कळ, त्यातलंच हे एक. त्यांच्या वडिलांनी युद्धकाळात अॅरिझोनातल्या हिला रिव्हर छावणीत काटेरी तारांआड बेसबॉलचं मैदान उभं केलं होतं. अमेरिकेनं शत्रू म्हणून कोंडलेल्या माणसाची मुलं, अमेरिकेनंच जाळलेल्या शहरात उघड्या मोटारीतून मिरवली, आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसंच माणसं.

एवढं होऊनही आर्थिक रोग गेला नव्हता. १९५५ च्या शेवटी जुनी कंपनी कर्जासकट गुंडाळावी लागली आणि १९५६ मध्ये नव्या नावानं नवी कंपनी काढली. ज्यांचे पैसे जुन्या कंपनीत अडकले त्यांना पिंपाची गोष्ट किती गोड लागली असेल, याची कल्पना करता येते. खरी उभारी दोन ठिकाणांहून आली. १९५७ मध्ये स्थानिक उद्योगांनी १६ कोटी येन देऊन नदीकाठी, बॉम्बमध्ये सांगाडा उरलेल्या घुमटाच्या समोरच, दिव्यांचं नवं मैदान बांधून दिलं. रात्रीचे सामने सुरू झाले की कामावरून सुटलेली माणसं येऊ शकतात; तिकीटविक्रीचा झरा तिथे रुंद झाला. आणि १९६८ च्या हंगामापासून मोटारी बनवणारी तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, संघाची मुख्य आधार झाली. नाव झालं ‘हिरोशिमा तोयो कार्प’. म्हणजे तिसरा पर्याय, बडा मालक, शेवटी सतरा वर्षांनी आलाच. त्याच वर्षी संघ पहिल्यांदा वरच्या तिघांत आला.

पहिलं लीग विजेतेपद १९७५ चं. हंगामाच्या सुरुवातीला जो लुट्झ हा अमेरिकी प्रशिक्षक आला, त्यानं टोप्या लाल केल्या आणि एप्रिलमध्येच भांडून परतही गेला. टोप्या राहिल्या. ताकेशी कोबांच्या हाताखाली १५ ऑक्टोबरला तोक्योच्या कोराकुएन मैदानावर, जायंट्सच्या घरात, कार्पनं विजेतेपद घेतलं. इशिमोतो तेव्हा हयात होते. ते १९८२ मध्ये गेले, म्हणजे १९७९ आणि १९८० मध्ये कार्पनं जपान सीरिज, दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, जिंकली तीही त्यांनी पाहिली. पुढचा चढउतार इथे मोठा करत नाही. १९९१ नंतर पुढच्या लीग विजेतेपदासाठी पंचवीस वर्षं थांबावं लागलं, आणि मग २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन आली.

वेगळं काय करता आलं असतं

भांडवल हातात येण्याआधी लीगमध्ये उडी मारली, ही मूळ चूक. पण १९५० चं दार चुकलं असतं तर पुढे ते उघडलंच असतं याची खात्री कुणी देऊ शकलं नसतं. त्यामुळे हा दोष मी लिहितो, पण जोर देत नाही.

माझा खरा आक्षेप दुसरीकडे आहे. पिंपात टाकलेल्या नोटेला पावती नसते. संघटनेच्या सभासदांनी पैसे दिले, खेळाडू आणले, पण संघाच्या मालकीत त्यांच्या हाती काही आलं नाही. तेरा हजार सभासदांना छोटा का होईना भाग दिला असता, संचालक मंडळावर त्यांचा एखादा माणूस बसवला असता, तर १९५५ ला कंपनी गुंडाळताना त्यांना विचारावं लागलं असतं. आज संघाचे बहुसंख्य भाग मात्सुदा कुटुंबाकडे आणि सुमारे एक तृतीयांश माझदाकडे आहेत. कारभार वाईट चालला आहे असं मी म्हणत नाही. पण ‘लोकांचा संघ’ हे शब्द भागधारकांच्या नोंदवहीत सापडत नाहीत.

याला एक प्रतिवाद आहे, आणि तो मला अर्धा पटतो. पिंपाचं काम पैसे पुरवण्याचं नव्हतंच. २००४ मध्ये जपानी बेसबॉलमध्ये संघ विलीन करण्याचं वारं पुन्हा सुटलं, खेळाडूंनी संप केला, आणि हिरोशिमात नव्या मैदानासाठी पिंपं पुन्हा बाहेर आली. १२ कोटी येनच्या वर जमले. २००९ मध्ये उघडलेल्या त्या मैदानाच्या बांधकामाला सुमारे ९०० कोटी येन लागले. भागाकार करून पाहा, शंभरात दीडसुद्धा भरत नाही. पण नगरपालिकेला आणि कंपन्यांना बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव काढायला लावायचे तर आधी तो दीड टेबलावर असावा लागतो. १९५१ मध्येही पिंपानं संघाला फार तर काही महिने मिळवून दिले. तेवढ्यात लीगला त्याला हाकलणं अवघड झालं.

शेवटचा मुद्दा बारीक आहे, पण धंद्याच्या सवयीनं माझी नजर तिथेच अडकते. सगळं शहर वर्गणी काढण्यात गुंतलेलं असताना, १९५१ च्या अखेरीला, संघाचा हुकमी गोलंदाज र्योहेइ हासेगावा याच्या कराराच्या नूतनीकरणाच्या कागदांवरून वाद झाला. १ मीटर ६७ सेंटिमीटर उंचीचा हा लहानखुरा माणूस. संघाच्या ३२ विजयांपैकी १७ त्याचे एकट्याचे. कागदाचा घोळ पाहून नागोयाचा संघ त्याला उचलायला टपला, तो मूळचा तिकडचाच. सभासद तेरा हजार, आणि एका करारावर वेळेवर लक्ष ठेवणारा कुणी नाही! हंगामाच्या तोंडावर तो कार्पकडे परतला. १९५२ मध्ये त्यानं ११ सामने जिंकले. तो नागोयाला गेला असता तर ३१.६ चा आकडा कुठे असता ते मोजायला कागद लागत नाही. तो १९६३ पर्यंत खेळला: १९७ विजय, २०८ पराभव, सगळे कार्पकडून.